बारा ओढ्यांची एकच वाळू

१

कग्गलगुड्ड्याचं सोनं नाहीसं झालं ते एका सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी.

कुणी तिजोरी फोडली नव्हती की कुलूप तोडलं नव्हतं. खरं म्हणजे ते सोनं कुणी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. ते होतं फक्त आकड्यांत. डोंगरातून उतरणारा ओढा वरचा सगळा डोंगर थोडा थोडा खरवडून खाली आणतो. त्याच्या पात्रातली मूठभर बारीक माती घेतली आणि तिच्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजलं, की वर न चढताही वरच्या खडकांची खबर लागते. शाल्मलीने कग्गलगुड्ड्याच्या रांगेतून उतरणाऱ्या बारा ओढ्यांची माती अशी चाळून आणली होती आणि तिच्यात सोन्याचा माग लागला होता. बेंगळुरूत, के. आर. पुरमच्या अलीकडच्या त्या सरकारी संशोधन संस्थेत, अख्ख्या नव्वदीच्या दशकात असं काही घडलं नव्हतं. पेढे वाटून झाले होते.

आणि आता संचालक अरविंदरावांच्या टेबलावर फेरतपासणीचा कागद पडला होता. त्याच बारा ओढ्यांतून पुन्हा माती आणली होती. सोनं शून्य.

"एखाद्या ओढ्यात चूक होऊ शकते, सुनंदाबाई," अरविंदराव म्हणाले. "पण बाराच्या बारा ओढ्यांत? पहिल्या पिशव्यांत कुणीतरी सोनं कालवलं, दुसरं काय! आणि त्या पिशव्या भरण्यापासून सील करण्यापर्यंत एकाच माणसाच्या हातात होत्या."

ते माणूस समोरच खुर्चीच्या कडेवर बसलं होतं. शाल्मली तिशीच्या आतली, नागपूरची, उन्हातान्हात हिंडून रापलेली. आज मात्र तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"हे बघ बाळ," अरविंदरावांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, "गुरुवारी समिती बसते आहे. त्याआधी राजीनामा दे. बाहेर एक शब्द जाणार नाही, दाखलाही चांगला देईन. समितीपुढे गेलं तर 'नमुन्यांत लबाडी' असा शेरा बसेल. मग या क्षेत्रात तुला कुणी दारात उभं करणार नाही."

अरविंदराव मनाने वाईट नव्हते, उलट जरा जास्तच मऊ होते.

सुनंदा ही संस्थेची गणिती. पन्नाशीची, कानडी मुलखातल्या भद्रावतीच्या जुन्या मराठी घरातली, सगळ्यांची 'अक्का'. खडक तिला एकमेकांपासून ओळखता येत नसत, आणि ते ती अभिमानाने सांगे. तिला आकडे कळत. तिला बोलावलं होतं ते अहवालावर शेवटची सही करायला. तिने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"गुरुवारपर्यंत मला दोन्ही वेळचे सगळे आकडे द्या," ती म्हणाली.

"सोन्याचे? ते तर समोरच आहेत."

"सोनं सोडून बाकीचे."

२

सुनंदाच्या खोलीत एक संगणक होता, त्याच्या दुप्पट आवाज करणारा प्रिंटर होता आणि लांबच लांब कागदांच्या घड्या होत्या. शाल्मली दारातच म्हणाली, "अक्का, मी काही केलेलं नाही."

"बैस. सोनं कुणाबरोबर होतं ते सांग."

"आर्सेनिकबरोबर," शाल्मली गोंधळून म्हणाली. "आणि थोडं अँटिमनी."

सुनंदाला हेच हवं होतं. सोनं हा मोठा लहरी धातू. पिशवीत एक कण आला तर आकडा आभाळाला टेकतो, नाही आला तर ठणठणाट. म्हणून शहाणी माणसं सोन्यावर भिस्त ठेवत नाहीत, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांवर ठेवतात. एका पिशवीतली तीस मूलद्रव्यं मोजायची आणि कोण कुणाबरोबर वाढतं, कोण कुणाचं तोंड पाहत नाही, हे गणिताने शोधायचं. लग्नाच्या मांडवात कोण कुणाशेजारी बसलं यावरून नाती ओळखावीत, तसंच ते. पोटी सोनं असलेल्या खडकात आर्सेनिक आणि अँटिमनी हे बहुधा शेजारी असतात.

"पण अक्का, सोनं कालवणाऱ्याला हे ठाऊक असणार. मलाच ठाऊक आहे! मी आर्सेनिकही कालवलं असतं, असं ते म्हणतील."

"म्हणू देत. तू एका ओढ्यात किती ठिकाणी माती घेतलीस?"

"तीन. खाली, मध्ये आणि वर."

सुनंदाने कागद पसरला. प्रत्येक ओढ्यात वर जावं तसं आर्सेनिक वाढत होतं. खाली दुसरा ओहोळ येऊन मिळाला की उतरत होतं, आणि तेही ओहोळ जेवढा मोठा तेवढ्याच मापाने. कालवायचं म्हटलं तर प्रत्येक ओहोळाचं पाणलोट मोजून चिमटी ठरवावी लागली असती. ते एक वेळ जमवलं असतंही. पण अँटिमनी?

"अँटिमनी आपल्या यंत्रावर दिसतच नाही," सुनंदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "तू पिशव्या जमा केल्यावर मीच हट्टाने उरलेली माती दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. मी ते मोजणार हे मलाच आधी माहीत नव्हतं. आणि तेही त्याच मापाने चढतं-उतरतं आहे."

सुनंदाने चष्मा काढून पदराने पुसला.

"पहिल्या पिशव्या खऱ्या आहेत. खोट असलीच तर ती दुसऱ्या पिशव्यांत आहे."

३

दुसऱ्या पिशव्या आणल्या होत्या निहारने. निहार प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ, वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेला. हुशार, बोलघेवडा. बेंगळुरूत राहून कन्नडमधलं 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, एवढंच शिकलेला.

"मी एकटाच गेलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "सरांची ऑर्डरच तशी होती. शाल्मलीचा मॅप नको, तिच्याशी डिस्कशन नको, संस्थेची जीप नको. तिच्या रिपोर्टमधली बारा नावं तेवढी घेऊन जायचं. टोटली इंडिपेंडंट."

"मग जागा सापडल्या कशा?"

"विचारत विचारत. लोक फार हेल्पफुल हो! गावात शिरून विचारलं की कुणीतरी बरोबर नेऊन उभं करायचं. पाणी नव्हतं, पात्र कोरडं ठाक, त्यामुळे कामही पटापट झालं. आणि मॅडम, आमच्या पुण्यातले नाले बघितलेत तर नाक धराल. इथले नाले म्हणजे एकदम शिस्तीचे. सरळ, नीटनेटके."

"पिशव्या तुम्हीच सील केल्यात?"

"जागेवरच. इथे आल्यावर दोन दिवस भीमाचार्यांच्या गोदामात होत्या, मशीन बिझी होतं ना. मग मीच उघडल्या." त्याचा चेहरा पडला. "मॅडम, ती माझ्याशी बोलत नाही. पण मशीनने दिलं तेच मी लिहिलं."

तो खोटं बोलत होता असं सुनंदाला वाटलं नाही. पण वाटण्यावर ती फारशी जातही नसे. तिने निहारचे आकडे संगणकाला दिले आणि मांडवात कोण कुठे बसलं ते पाहू लागली.

सोनं नव्हतं, आर्सेनिक नव्हतं. एवढंच असतं तर नवल नव्हतं. पण कग्गलगुड्ड्याच्या काळ्या खडकात भरपूर असणारं क्रोमियम आणि निकेलही गायब! त्यांच्या जागी ग्रॅनाइटच्या मुलखातली मंडळी येऊन बसली होती. शिवाय शाल्मलीचे बारा ओढे बारा तऱ्हेचे होते, सख्ख्या भावंडांतही असतो तेवढा फरक प्रत्येकात होता. निहारच्या बारा पिशव्या मात्र जवळजवळ सारख्या होत्या.

सुनंदाने तीनदा तपासलं. बारा ओढे आणि वाळू एकच.

ही वाळू बारा डोंगरउतारांवरची नव्हतीच. कुणीतरी एका ढिगातून बारा पिशव्या भरल्या असाव्यात, आणि दोन दिवस त्या ज्या गोदामात होत्या त्याची किल्ली भीमाचार्यांच्या कमरेला होती.

४

भीमाचार्य संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ भूवैज्ञानिक. त्यांचा स्वतःचा एक सोन्याचा प्रकल्प चार वर्षं पैशांअभावी लोंबकळत होता. शाल्मलीचं सोनं खोटं ठरलं तर संस्थेचं एकुलतं एक खोदाईचं यंत्र त्यांच्याकडे जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात भर म्हणून सर्जापूर रोडला त्यांच्या घराचं बांधकाम चालू होतं. बांधकाम म्हणजे वाळू आलीच.

मंगळवारी दुपारी सुनंदा तिथे पोचली. रस्ता नुसता नावाला होता. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, मध्येच एखादं अर्धवट घर. भीमाचार्यांच्या अंगणात कमरेएवढा वाळूचा ढीग होता.

"बन्नी, या, या, सुनंदाबाई!" भीमाचार्य पंचा सावरत आले. "घर बघायला आलात? स्वल्प कॉफी घ्या आधी."

ते कॉफी सांगायला वळले तशी सुनंदाने चटकन मूठभर वाळू पर्समध्ये टाकली. मान वर केली तर ते दारात उभे राहून तिच्याकडेच बघत होते.

"मूठभर कशाला? पोतं नेता का?"

सुनंदा ओशाळली. अशा कामाची तिला सवय नव्हती.

"कळलं मला," भीमाचार्य बाजेवर बसले. "ती पोर पडली तर यंत्र मला मिळेल. खरं आहे. रात्री झोपताना हा विचार माझ्याही मनात आला, खोटं कशाला सांगू? पण पिशव्या बदलायच्या तर सील मोडायला पाहिजे. सील निहारचं. मोडलं होतं का विचारा त्याला."

सील मोडलं नव्हतं. निहारने ते ठामपणे सांगितलं होतं. पण तीस वर्षं पिशव्या हाताळलेल्या माणसाला सील म्हणजे काय मोठीशी गोष्ट! सुनंदा परतीच्या रिक्षात हाच घोळ मनात घोळवत राहिली.

संस्थेत आल्यावर तिला एक साधी गोष्ट सुचली. ढिगाला पुढचं-मागचं नसतं. एका ढिगातून बारा मुठी भरल्या तर आकडे किंचित वरखाली होतील, पण कसेही. तिने पिशव्या निहारने ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने लावल्या, आणि झिर्कोनियमचा आकडा बघितला. झिर्कोनियम ज्या कणांत असतं ते कण जड, वाहत्या पाण्यात ते लवकर तळाला बसतात.

पहिल्या पिशवीत सर्वांत जास्त. दुसऱ्या पिशवीत थोडं कमी, तिसऱ्यात आणखी थोडं कमी. बाराव्या पिशवीपर्यंत आकडा एका चालीने उतरत गेला होता, कुठे अडखळला नव्हता.

हा ढीग नव्हता. हे पाणी होतं. एकच संथ पाणी, बाराही गावांवरून, एकामागून एक गेलेलं. भीमाचार्य सुटले, आणि तिला मनापासून बरं वाटलं.

पण शाल्मलीने ओढे तेवढे उतरवून घेतलेल्या नकाशावर असं पाणी कुठेच नव्हतं. बाराही ओढे डोंगरावरून सरळ खाली उतरत होते. त्यांना आडवं जाणारं काही नव्हतं. मग निहार उभा होता कुठे?

५

बुधवारी संध्याकाळी भद्रावतीहून धाकट्या भावाचा, गुंडोचा फोन आला. गुंडो वडिलांमागे शेती बघायचा. फोन करायचा तो पैसे वसूल होईस्तोवर बोलायचा.

"अक्का, भाताचं काही खरं नाही बघ यंदा. नालेला नीर सोडलं नाहीत अजून. डॅमचं गेट रिपेरी म्हणे. काल मी जाऊन बघून आलो, नाले सगळी कोरडी, पोरं क्रिकेट खेळतायत आत."

"बरं. तुझं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय?" सुनंदाने सवयीने विचारलं, आणि फोनच्या तारेशी चाळा करणारा तिचा हात थांबला. "गुंडो, काय म्हणालास? कोरडी काय?"

"नाले, अक्का, नाले! आपली नाले. विसरलीस काय बेंगळूरला जाऊन?"

ती विसरली नव्हती. लहानपणी त्याच नालेच्या काठावरून ती शाळेत गेली होती. घरात सगळे नालेच म्हणत. धरणातून काढलेला पाटाचा कालवा, त्याला कन्नडमध्ये नाले म्हणतात. ओढ्याला म्हणतात हळ्ळ. आणि मराठीतला नाला म्हणजे ओढा. हे दोन्ही शब्द तिच्या डोक्यात जन्मभर शेजारी राहिले होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत. निहार मराठीत नाले म्हणाला तेव्हा तिने मराठी खोलीचं दार उघडलं होतं. दुसऱ्या खोलीत डोकवावं असं तिला सुचलंच नाही.

गुंडोला अर्ध्यावर तोडून तिने शाल्मलीच्या घरमालकांकडे फोन लावला.

"शाल्मली, अहवालात ओढ्यांची नावं तू कशी लिहिलीस?"

"गावावरून. हिरेकग्गल नाला, बसवापूर नाला... आमच्याकडे नालाच म्हणतात ना." पलीकडे तिचा आवाज बसला होता. "अक्का, मी राजीनामा टाइप करून पर्समध्ये ठेवलाय. उद्या सकाळी देऊन टाकते. घरचेही तेच म्हणतायत."

"पर्समधून बाहेर काढलास तर याद राख," सुनंदा म्हणाली.

६

समितीच्या खोलीत सहा माणसं होती. शाल्मली भिंतीशी, निहार खिडकीशी, भीमाचार्य डोळे मिटून. अध्यक्षा हेमलताबाई दिल्लीहून आलेल्या. विमान गाठायचं होतं म्हणून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

"निहार," सुनंदाने सुरुवात केली, "गावात शिरल्यावर तुम्ही नक्की काय विचारलंत? शब्द सांगा."

"नाला किधर है, म्हणून विचारलं. हिंदीत. नाला म्हटलं की कुणालाही कळतं."

"कळलं ना. सगळ्यांना बरोबर कळलं." सुनंदाने तालुक्याचा छापील नकाशा टेबलावर उलगडला. "तुम्ही विचारलंत नाला, त्यांनी ऐकलं नाले. नाले म्हणजे कालवा. त्यांनी तुम्हाला अगत्याने नेऊन कालव्यात उभं केलं."

नकाशावर डोंगराच्या पायथ्याशी एक निळी रेघ होती. बाराही गावांना खालून शिवत ती आडवी गेली होती. भीमाचार्यांनी डोळे उघडले.

"उन्हाळ्यात धरणाचं गेट बंद असतं," सुनंदा म्हणाली. "कालवा कोरडा होता. कच्चा, मातीचा, काठांवर झुडपं. शहरातल्या माणसाला तो ओढाच वाटणार, जरा शिस्तीचा ओढा. त्यातली वाळू लांबच्या नदीची, ग्रॅनाइटच्या मुलखातली. ती कग्गलगुड्ड्यावरून आलेलीच नाही, मग तिच्यात सोनं, आर्सेनिक, क्रोमियम कुठून असणार? बाराही पिशव्या सारख्या, कारण पाणी एकच. आणि निहार पहिल्या गावापासून बाराव्यापर्यंत धरणाकडून खाली आले, म्हणून जड कण पायरीपायरीने कमी होत गेले. फेरतपासणी चोख झाली. फक्त ती दुसऱ्याच नदीची झाली."

निहारने नकाशावर बोट ठेवलं आणि बाराही गावं एकेक करून बघितली. मग तो उठून उभा राहिला.

"माय मिस्टेक," तो म्हणाला. त्याला शाल्मलीकडे बघवत नव्हतं. "मला एकदा तरी डोंगराकडे बघायला हवं होतं."

"नकाशा द्यायचा नाही असं मीच सांगितलं होतं," अरविंदराव हळूच म्हणाले. "निःपक्षपातीपणा म्हणून."

"आणि नाला हा शब्द माझा," शाल्मली पहिल्यांदाच बोलली.

हेमलताबाईंनी घड्याळावरून नजर काढली. "म्हणजे लबाडी कुणाचीच नाही? तीन चांगली माणसं आणि एक शब्द?" त्यांनी शेऱ्याचा कागद बाजूला सारला. "तिसऱ्यांदा माती आणा. निहारच जातील. नकाशा घेऊन. आणि यांना ओढ्याला काय म्हणायचं ते आधी शिकवा."

"हळ्ळ," भीमाचार्य निहारला म्हणाले. "दोनदा ळ. म्हणा बघू."

७

तिसऱ्या वेळचे आकडे आले ते पावसाळा तोंडावर असताना. आर्सेनिक जागच्या जागी होतं, वर चढणारं आणि खाली उतरणारं. अँटिमनी त्याच्या शेजारी. सोनं सात ओढ्यांत सापडलं आणि पाच ओढ्यांत रुसून बसलं. सोनं ते, त्याच्याकडून यापेक्षा जास्त शहाणपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. खोदाईचं यंत्र कग्गलगुड्ड्याला जाणार हे ठरलं. भीमाचार्यांनी ते स्वतः शाल्मलीला सांगितलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

शाल्मली सुनंदाच्या खोलीत आली. हातात निहारने आणलेल्या नव्या आकड्यांचा कागद होता.

"अक्का, एक विचारायचंय. त्या दिवशी आकडे उलटे निघाले असते, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता?"

सुनंदाला खोटं बोलणं जमत नसे. इथे जमलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं.

"नसता ठेवला," ती म्हणाली.

शाल्मलीने मान डोलावली. तिला राग आलेला दिसला नाही.

"अरविंद सर किती चांगले वागले माझ्याशी. दाखला देतो म्हणाले. घरमालकीणबाईंनी डबा पाठवला. फोनवर बाबा म्हणाले, झालं गेलं विसरू, तू घरी ये." तिचे डोळे भरून आले होते. "झालं गेलं म्हणाले, अक्का. विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं होतं. तुम्ही एकट्याच तेवढ्या तपासत बसला होतात."

सुनंदाने तिला जवळ ओढून खुर्चीवर बसवलं आणि प्रिंटर बंद केला.